नऊ नंबरचे चार सेकंद

मॅनेजरसाहेबांनी मिस्त्रीला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षांत साहेबांनी त्याला दोनदाच खुर्ची दिली होती. एकदा पगार वाढणार नाही हे सांगायला, आणि एकदा ती खुर्ची दुरुस्त करायला.

"बसा. दार लावून घ्या."

मिस्त्रीने दार लावलं. साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. शाळेच्या तेवीस बस, तेवीस ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आकडा.

"हे काय आहे, ओळखा."

मिस्त्रीने ओळखलं. या नव्या बसना एक सोय असते. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की चाळीस सेकंद मोजले जातात. तेवढ्यात त्याने बसच्या पार मागच्या टोकाला जाऊन तिथलं लाल बटण दाबायचं. नाही दाबलं तर हॉर्न आणि सगळे दिवे एकदम बोंब ठोकतात. हेतू असा, की मागे जाता जाता ड्रायव्हरने दोन्ही बाजूंच्या सीटा बघाव्यात, एखादं पोर झोपून राहिलेलं नाही ना याची खात्री करावी. बटण दाबलं गेलं हे बसला कळतं. ड्रायव्हरने सीटा बघितल्या का, हे कळायची सोय कंपनीने अजून काढलेली नाही.

"बटणाचे सेकंद," मिस्त्री म्हणाला.

"बरोबर. सगळे बघा. सोळा, अठरा, एकोणीस. चार नंबर अकरा. त्याचं तर मी शाबासकी म्हणून नाव बोर्डावर लावलंय. आणि आता नऊ नंबर बघा."

नऊ नंबरपुढे चार होते. त्याच्या आदल्या दिवशीही चार. त्याच्या आदल्या दिवशी, जरा आळस केला असावा, पाच.

"दोन महिने हेच चाललंय," साहेब म्हणाले. "बस बारा मीटर लांब आहे."

"पळत जात असतील."

"कोण? तुमचे व्याही? परवा ते पार्किंगपासून गेटपर्यंत चालत आले. तेवढ्यात माझे दोन फोन झाले, आणि दुसरा बायकोचा होता."

नऊ नंबर चालवणारे गृहस्थ मिस्त्रीचे व्याही होते. वय अठ्ठावन्न. मिस्त्रीची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. लग्नाला अडीच वर्षं झाली होती, आणि या अडीच वर्षांत दोघे व्याही एकमेकांशी इतक्या अदबीने बोलत आले होते की दोघांनाही एकमेकांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

"मागे बसणारी ताई दाबत असेल," मिस्त्री म्हणाला.

"ताई शेवटच्या मुलाबरोबरच उतरते, तिचं घर तिथंच आहे. यार्डात बस येते तेव्हा आत ते एकटे असतात." साहेब पुढे झुकले. "मिस्त्री, ड्रायव्हरच्या सीटखाली एक चोरबटण आहे. तिथून वायर काढून मागच्या बटणाला जोडलीय. जागचं हलायला नको. आता प्रश्न असा, की अशी वायर टाकता येणारा माणूस आपल्या यार्डात कोण आहे?"

खुर्ची कशासाठी दिली होती, ते मिस्त्रीला आता कळलं.

"तुमच्यावर माझा काही संशय नाही," साहेब म्हणाले. संशय नसता तर हे वाक्य बोलायची गरज पडली नसती. "शुक्रवारी दुपारपर्यंत लेखी द्या. वायर सापडली तर ते त्या दिवसापासून गाडीवर नाहीत. शाळेची बस आहे, लायसन्सही जाईल. नाही सापडली, तर मी बाहेरची माणसं बोलावतो. ती मग फक्त नऊ नंबर बघणार नाहीत. तुमचं अकरा वर्षांचं काम बघतील."

तो मंगळवार होता.

सकाळच्या फेऱ्या संपल्या की ड्रायव्हर जेवायला घरी जायचे आणि दुपारी एकला परत यायचे. मधल्या तीन तासांत यार्ड मिस्त्रीचं. त्याने नऊ नंबर शेडमध्ये घेतली आणि दार आतून लावलं.

जुन्या बसचं एक बरं होतं. बॉनेटला कान लावला की दुखणं कळायचं. नव्या बसला लॅपटॉप लावावा लागतो, आणि लॅपटॉप सांगतो ते खरं मानायचं की नाही, हे पुन्हा आपल्यालाच ठरवावं लागतं. मागच्याच महिन्यात एका बसने सांगितलं, माझं मागचं दार उघडं आहे. दार घट्ट बंद होतं. दोष दारात नव्हता, कडीत नव्हता, वायरीत नव्हता. सेन्सरच्या तोंडावर कुण्या विद्यार्थ्याने चिकटवलेल्या च्युइंगगममध्ये होता. अशी अकरा वर्षं काढल्यावर माणूस साध्या दिव्यालाही विचारतो, तू का लागलास, आणि तुला कोणी सांगितलं.

मिस्त्रीने मागचं लाल बटण खोललं. दोन वायरी येत होत्या, दोनच जात होत्या. छताच्या पट्ट्या काढून त्या वायरींच्या मागे मागे तो पुढे आला. मध्ये कुठे साल सोललेली नाही, कुठे जोड नाही, कुठे टेप नाही. डॅशबोर्ड उघडला. फ्यूज एकेक काढून पाहिले. शेवटी ड्रायव्हरची सीट चार बोल्ट सोडून बाजूला काढली आणि खालचा रबरी गालिचा उचलला. खाली पत्रा होता. तोही स्वच्छ.

आणि तिथेच मिस्त्रीला खटकलं. तो बसच्या मधल्या रस्त्यात गुडघ्यांवर बसला आणि टॉर्च मारून सगळ्या सीटांखाली बघितलं. बाकी कुठल्याही बसच्या सीटांखालून महिन्याला बादलीभर ऐवज निघायचा. पेन्सिली, खोडरबर, केसांच्या पिना, अर्धवट खाल्लेली बिस्किटं, एकदा तर चष्मा. नऊ नंबरच्या सीटांखाली काहीच नव्हतं. पेन्सिलीचं टोकही नाही.

इतकी स्वच्छ बस शाळेची असूच शकत नाही. मिस्त्रीने मनात नोंद केली: पुरावा पुसलेला आहे.

बसमध्ये कॅमेरा होता, पण तो दाराकडे तोंड करून बसवलेला. कोण चढलं, कोण उतरलं ते दिसायचं. आत काय चालतं हे टेंडर काढताना कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी फोन आला. लेकीचा.

"बाबा, आज तुम्ही मामंजींची सीट उघडली होती?"

"कोण म्हणालं?"

"ते म्हणाले. सीट एक बोट पुढे आलीय म्हणे."

"सर्व्हिसिंग होतं."

"सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी भिंतीवर तारीख लिहून ठेवलीय." लेकीने आवाज खाली आणला. "जेवले नाहीत नीट. एवढंच म्हणाले, व्याह्यांना काही शंका असेल तर त्यांनी मला विचारायचं होतं."

"मग तू विचार की त्यांना."

"काय विचारू?"

सासऱ्याला विचार, तुमच्या बुडाखाली बटण आहे का, असं लेकीला कसं सांगणार?

"आईला द्या फोन," लेक म्हणाली. लेकीने असं म्हटलं की सुनावणी संपली असं समजायचं.

मिस्त्रीच्या बायकोने दहा मिनिटं नुसतं हं, हं केलं, फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"काय केलंत?"

"काही नाही."

"काही न केलेला माणूस इतका गप्प बसत नाही. पोरगी त्या घरात नांदतेय, आणि तुम्ही त्या घरातल्या माणसाच्या खालची सीट काढून बघताय. रविवारी लेक-जावई जेवायला येणार होते. आता नाही येत. काम आहे म्हणे."

"असेल काम."

"रविवारी त्यांना काय काम? झोपण्याचं?"

मिस्त्रीने पोळी मोडली आणि पोळीकडेच बघत बसला.

बुधवारी सकाळी यार्डात व्याही समोरून आले. रोज ते हात जोडून "काय व्याही, बरंय ना?" म्हणायचे. आज त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, मिस्त्री."

शिवी दिली असती तर परवडलं असतं.

त्या दुपारी मिस्त्री शेडच्या दाराआड उभा राहिला. नऊ नंबर आली, भिंतीकडे नाक करून आपल्या जागेवर थांबली. बाकीच्या बस थांबल्या की लगेच बंद व्हायच्या, आतून धाडधाड पावलं वाजायची आणि ड्रायव्हर बाहेर. नऊ नंबरचं इंजिन मात्र चालूच राहिलं. एक मिनिट. दोन. तीन. काचा काळ्या, आतलं काही दिसेना. चौथं मिनिट भरलं, इंजिन बंद पडलं, आणि बऱ्याच वेळाने व्याही दारातून एकेक पायरी मोजत उतरले.

चार मिनिटं रिकाम्या बसमध्ये माणूस करतो काय? वायर काढून ठेवत असेल. म्हणूनच आपल्याला सापडली नाही. रोज लावायची, रोज काढायची, आणि सीटांखाली एक पेन्सिलही राहू द्यायची नाही. मिस्त्रीला व्याह्यांच्या शिस्तीचं मनोमन कौतुक वाटलं, आणि आपल्या लेकीला आपण कसल्या घरात दिलं या विचाराने घामही फुटला.

गुरुवारी त्याने ठरवलं, आत लपायचं.

यार्डाच्या गेटवर प्रत्येक ड्रायव्हरला खाली उतरून वॉचमनच्या खिडकीत सही करावी लागायची. बस चालू, दार उघडं. मिस्त्री दुपारी वॉचमनच्या खोलीमागे उभा राहिला. नऊ नंबर आली, व्याही उतरून खिडकीकडे वळले, आणि मिस्त्री दुसऱ्या बाजूने दारात शिरला. सातव्या रांगेच्या सीटखाली त्याने आधी डोकं घातलं, मग खांदे, मग बऱ्याच वाटाघाटीनंतर पोट.

बस हलली, वळली, थांबली. हँडब्रेकने उसासा टाकला. इंजिन चालूच.

मग पावलं ऐकू आली. एक पाऊल नीट पडायचं, दुसरं घासत यायचं. टप, सर्रर. मग थांबायचं. कुठेतरी एक कण्हणं, आणि हळू आवाजात एक शब्द.

"नाही."

पुन्हा टप, सर्रर. कण्हणं. "नाही."

मिस्त्रीने श्वास रोखला. हा माणूस काहीतरी शोधतोय. प्रत्येक रांगेत वाकून बघतोय आणि सापडलं नाही म्हणतोय. म्हणजे चोरबटण कुठे लपवलं ते त्यालाच आठवत नाही की काय? वयाचा परिणाम असेल.

"नाही," सहाव्या रांगेशी आवाज आला.

सातव्या रांगेशी पावलं थांबली. सीटचा दांडा धरून कोणीतरी हळूहळू खाली आलं, आणि मिस्त्रीच्या नाकापासून वीतभर अंतरावर व्याह्यांचा चेहरा उलटा होऊन लोंबकळू लागला.



"व्याही," ते म्हणाले, "तुमचा स्टॉप मागे गेला."

मिस्त्रीने उठायचा प्रयत्न केला. शर्ट सीटच्या नटात अडकला होता. "मी... सस्पेन्शनचा आवाज ऐकत होतो."

"आतून?"

"आतून जास्त स्पष्ट येतो."

व्याही मधल्या रस्त्यात खाली बसले. बसले म्हणजे डावा पाय सरळ लांब ठेवून, खांबाला धरून, टप्प्याटप्प्याने खाली उतरले.

"काय शोधताय तुम्ही माझ्या गाडीत?" ते म्हणाले. "मंगळवारपासून बघतोय. तोंडाने विचारा एकदा."

आडव्या माणसाला फार आव आणता येत नाही. मिस्त्रीने सगळं सांगून टाकलं. चार सेकंद, चोरबटण, शुक्रवार, बाहेरची माणसं.

व्याह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बटण नाही. वायर नाही. माझा डावा गुडघा वाकत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. चाळीस सेकंदांत मला मागे जाता येतं. पण बावीस सीटांखाली वाकून बघत जाता येत नाही. एकदा एक पोर सीटवरून घरंगळून खाली झोपलेलं सापडलंय मला, पहिलीतलं. वरून दिसत नव्हतं. तेव्हापासून खाली बघितल्याशिवाय मला गाडी सोडवत नाही. मग मी इंजिन चालू ठेवून निवांत सगळं बघायचो, परत पुढे येऊन बंद करायचो, आणि पुन्हा मागे जाऊन बटण दाबायचो. दोन फेऱ्या. रात्री पाय ठणकायचा."

"आणि आता?"

व्याह्यांनी त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "आता तुम्हीच सोय केलीत ना. दोन महिन्यांपूर्वी इंजिनचा नवा कॉम्प्युटर बसवलात, तेव्हापासून गाडी उभी राहिली की चार मिनिटांनी आपोआप बंद होते. तोवर मी बघत बघत मागे पोचलेला असतो. बंद झाली की दाबतो. मला वाटलं, व्याह्यांनी माझा पाय पाहिला, आणि कुणाला न सांगता गुपचूप सोय करून दिली. घरीसुद्धा बोललो नाही मी. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. आणि मंगळवारी बघतो तर सीट एक बोट पुढे."

मिस्त्री सीटखाली पडून वरच्या स्पंजकडे बघत राहिला. नवा कॉम्प्युटर त्यानेच बसवला होता. कारखान्यातून येताना त्यात डिझेल वाचवायची ही चार मिनिटांची सोय चालूच असणार. बाकीच्या बावीस बसमध्ये ती नव्हती. लॅपटॉपवर एक पान उलटलं असतं तर दिसलं असतं. पण अकरा वर्षं जगातल्या प्रत्येक वायरीवर संशय घेणाऱ्या मिस्त्रीला, आपण स्वतः बसवलेल्या डब्यात डोकावावं असं काही सुचलं नव्हतं.

सोय आपण केली नाही, हे सांगावं की नाही याचा त्याने विचार केला, आणि तो विचार पुढे ढकलला.

"ब्रेक कुठल्या पायाने मारता?" त्याने विचारलं. मिस्त्री तो मिस्त्रीच.

"उजव्या. गाडी ऑटोमॅटिक आहे. डाव्या पायाला नुसतं बसून राहायचं काम. पण मेडिकलच्या फॉर्मवर सांधेदुखी लिहिलं की आधी घरी बसवतात, मग तपासतात. दोन वर्षं राहिलीत माझी."

एवढ्यात इंजिन बंद पडलं.

दोघांनी मागच्या टोकाकडे पाहिलं. व्याही खाली बसलेले, उठायला खांब हवा. मिस्त्री सीटखाली, शर्ट नटात. दोघे मिळून रस्ता पुरता अडवून बसले होते.

"तुम्ही उठा," व्याही म्हणाले.

"तुम्ही सरका आधी."

"कुठे सरकू?"

चाळीस सेकंद भरले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच नऊ नंबरने बोंब ठोकली. सगळं यार्ड बघायला लागलं. केबिनमधून साहेब चालत आले. चालत आले तरी ते पळत आल्यासारखे दिसत होते. ते बसमध्ये चढले तेव्हा व्याही बटणाशी पोचले होते आणि मिस्त्री फाटक्या शर्टात उभा होता.

"सापडली वायर?"

मिस्त्रीने व्याह्यांकडे पाहिलं. सापडली म्हटलं तर आपण सुटतो, हे त्याच्या लक्षात आलं, नाही असं नाही.

"वायर नाही साहेब," तो म्हणाला. "व्याही इंजिन चालू ठेवून बावीस सीटांखाली बघतात. चार मिनिटांनी गाडी आपोआप बंद होते. नव्या कॉम्प्युटरमुळे. ती सेटिंग माझ्याकडून बघायची राहिली. मी सातव्या रांगेत सीटखाली होतो, मलाही यांनी शोधून काढलं."

गुडघ्याचं तो बोलला नाही.

साहेबांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे व्याही व्याह्यांची साक्ष देणार."

"हवं तर दुसऱ्या बसमध्ये बघा साहेब. अठरा सेकंदांत सीटा बघून होत असतील, तर यांना चार मिनिटं कशाला लागतात?"

साहेबांच्या डोळ्यांत चमक आली. "दुसऱ्या नाही. चार नंबरमध्ये. आणि तुम्ही नाही, मी लपणार. तुम्ही दोघं बाकावर बसायचं. मध्ये पडायचं नाही, ड्रायव्हरला खूण करायची नाही."

चार नंबरच्या ड्रायव्हरला यार्डात सगळे विमान म्हणायचे. तो बस पार्क करायचा नाही, उतरवायचा. अर्ध्या तासाने त्याची बस गेटवर आली, तो सही करायला खाली आला, आणि साहेब टाय खांद्यावर टाकून दुसऱ्या बाजूने चढले.

चार नंबर जागेवर येऊन थांबली. इंजिन बंद. धाड धाड धाड, मागे. धाड धाड धाड, पुढे. विमान खाली उतरला, दार लावलं, कुलूप केलं, चावी बोर्डावर टांगली, बाकावरच्या दोघांना हात केला आणि मोटरसायकलला किक मारून गेटबाहेर गेला.

यार्ड शांत झालं.

"किती झाले?" व्याह्यांनी विचारलं.

"अकरा."

"साहेब कुठल्या रांगेत आहेत?"

"पाचव्या. ऐसपैस आहे ती."

थोडा वेळ गेला.

"उघडायचं का?" व्याही म्हणाले.

"मध्ये पडू नका म्हणालेत."

"फोन करतील."

"फोन केबिनमध्ये चार्जिंगला आहे. मघाशी वाजत होता."

"बायकोचा असेल," व्याही म्हणाले, आणि दोघांनी पुन्हा समोर बघायला सुरुवात केली.

पाच मिनिटांनी चार नंबरचा बझर केकाटला. मागचं संकटकाळी दार उघडलं आणि त्यातून आधी एक पाय आला, तो हवेत जमीन शोधत राहिला, आणि मग साहेब आले. त्यांच्या गुडघ्यांना धूळ होती, कोपराला कसलासा जॅम. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात लहान मुलाचा एक बूट. कुणाकडे न बघता ते केबिनकडे गेले. दारात थांबून म्हणाले, "या दोघंही."

खुर्ची या वेळी कुणालाच मिळाली नाही. बूट टेबलावर मधोमध ठेवलेला होता.

"त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," साहेब म्हणाले. "माझा पाय रस्त्यात होता. तो पायावरून उडी मारून गेला." मग ते व्याह्यांकडे वळले. "पण चार मिनिटं म्हणजे फारच. तुम्हाला इतका वेळ का लागतो?"

मिस्त्रीने घसा खाकरला. व्याह्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"माझा डावा गुडघा वाकत नाही साहेब. मेडिकलला मी लिहिलेलं नाही."

साहेबांनी मेडिकलचा फॉर्म खणातून काढला, पेन उघडलं. पहिला रकाना होता, तक्रार कशी निदर्शनास आली. साहेबांचं पेन तिथे टेकलं आणि थांबलं. कशी आली, ते लिहायचं तर नऊ नंबरची चौकशी लिहावी लागणार. ती लिहायची तर चार नंबरची लिहावी लागणार. आणि चार नंबरची लिहायची म्हटलं की पाचवी रांग आलीच.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"स्वतःहून डॉक्टरकडे जा," ते म्हणाले. "शनिवारी. ते जे लिहून देतील ते मला आणून द्या. गाडी चालवायला हरकत नाही असं असलं तर चालवा, नसलं तर मग बघू. आणि मिस्त्री, उद्यापासून सगळ्या बसना चाळीस सेकंदांऐवजी पाच मिनिटं, आणि प्रत्येकाने सगळ्या सीटांखाली बघूनच बटण दाबायचं. बोर्डावरचं ते नाव काढा."

नाव निघालं. का निघालं ते विमानला कोणी सांगितलं नाही, त्यामुळे त्याने ते मिस्त्रीच्या नावावर टाकलं. रोज पाच मिनिटं जास्त लागतात म्हणून बाकीचे एकवीसजणही मिस्त्रीशी आठवडाभर तुटकच बोलत होते. पण त्या आठवड्यात सीटांखालून दोन दप्तरं, एक चष्मा आणि दातांची तार निघाली, आणि शाळेतून पहिल्यांदाच आभाराचं पत्र आलं. साहेबांनी ते बोर्डावर लावलं.

शनिवारी डॉक्टरांनी लिहून दिलं: डाव्या गुडघ्याची झीज. गाडी चालवण्यास हरकत नाही. वाकणे व उकिडवे बसणे वर्ज्य.

"आली का पंचाईत," व्याही सोमवारी शेडमध्ये येऊन म्हणाले. "चालवू देताहेत, बघू देत नाहीत."

इंजिनाच्या पोटातलं बघायला मिस्त्रीकडे लांब दांड्याचे आरसे असायचे. त्यातला सर्वांत मोठा आरसा त्याने घेतला, वायपरचा जुना दांडा कापून त्याला जोडला, मुठीला रबर चढवलं, बाजूला छोटी टॉर्च बांधली आणि व्याह्यांच्या हातात दिला. ही सोय मात्र त्याने स्वतः केली होती. आधीच्या सोयीबद्दल काय ते नंतर कधीतरी सांगू, असं त्याने ठरवलं. ते नंतर अजून आलेलं नाही.

व्याह्यांनी दांडा हातात तोलून पाहिला. मग नऊ नंबरमध्ये चढून, ताठ उभं राहून पहिल्या रांगेखाली आरसा घातला, डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. त्यांचा चेहरा खुलला. मग हळूहळू डोळे बारीक झाले.

"व्याही."

"काय?"

"या सीटच्या पायाला खालून गंज आलाय. तुमच्या तपासणीत आहे का?"

"नसेल. वरून दिसत नाही तो."

"मला दिसतोय. लिहून घ्या." आरसा दुसऱ्या रांगेखाली गेला. "इथेही आहे. लिहिताय ना?"

पुढे अजून वीस सीटा होत्या. मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली.